चौसष्ट घरांची बेरीज : १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या संख्येची गोष्ट

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या एका जुन्या कथेमुळे जगभर परिचित झाली आहे. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, आणि याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवत चौसष्टाव्या घरापर्यंत जावे. साऱ्या पटावरील दाण्यांची बेरीज म्हणजे ही संख्या. गणिताच्या भाषेत ती २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी आहे. तिचा अजस्रपणा सर्वांना ठाऊक आहे. ती कोणत्या घटकांची बनलेली आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. गणिताच्या इतिहासातील काही मोठी नावे या दुसऱ्या प्रश्नापाशी भेटतात.

कथा अशी की, बुद्धिबळाचा खेळ निर्माण करणाऱ्या सिस्सा नावाच्या विद्वानावर राजा प्रसन्न झाला आणि त्याने हवे ते मागावे असे म्हणाला. सिस्साने वरील पद्धतीने दाणे मागितले. एवढ्या मोठ्या खेळाचे एवढे क्षुल्लक मोल पाहून राजा प्रथम नाराज झाला. कोठारावरील अधिकाऱ्यांनी हिशेब मांडल्यावर मात्र तो स्तिमित झाला. कथेतील राजा व विद्वान भारतीय असले, तरी तिचा सर्वांत प्रसिद्ध लेखी पाठ तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याच्या ग्रंथात आहे. त्यालाही हे गणित आरंभी पटले नव्हते. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने त्याला ते मांडून दाखविले. सोळाव्या घरातील ३२७६८ दाणे म्हणजे एक माप, काही घरांनंतर अशा मापांचे एक कोठार, पन्नासाव्या घरात कोठारांनी भरलेले एक नगर, आणि चौसष्टाव्या घरात अशी १६३८४ नगरे, असा त्याचा हिशेब होता. पन्नासाव्या घरापासून चौसष्टाव्यापर्यंत चौदा वेळा दुप्पट होते, आणि २ चा १४ वा घात १६३८४ हाच आहे. हिशेबनीस चोख होता. त्याच्याही पूर्वी, इ. स. १००० च्या सुमारास, अल् बिरूनीने आपल्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज काढलेली आहे. केरळातील अंबलप्पुळा येथील कृष्णमंदिराच्या पायसाच्या नैवेद्याशीही हीच कथा जोडली जाते; तिथे खेळणारा विद्वान म्हणजे साक्षात श्रीकृष्ण, आणि दाणे तांदळाचे.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन ही संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहिता येईल. ती वाचायची कशी, हा प्रश्न उरतोच. कोटीच्याच भाषेत बोलायचे तर १ लाख ८४ हजार ४६७ कोटी-कोटी आणि वर आणखी काही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी वाचल्यास ही संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५ अशी होते. निखर्व आणि कोटी या स्थानी शून्य आहे. म्हणजे परार्धापाशी नावे संपतात, तेव्हा ही संख्या अजून दोन अंकांनी उरलेली असते.

दाण्यांच्या वजनावरून तिचा आवाका अधिक स्पष्ट होतो. गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर पटावरील गहू सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन भरेल. साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. तेव्हा आजच्या गतीने ते देणे फेडण्यास नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक लागेल. गंमत अशी की, पटाच्या पहिल्या अर्ध्या भागापर्यंत राजाला काहीच जाणवले नसते. पहिल्या ३२ घरांतील दाणे ४२९४९६७२९५, म्हणजे सुमारे १७२ टन गहू; दहा टनांचे सतरा-अठरा ट्रक. कोणत्याही राजाच्या कोठाराला हे सहज परवडावे. उरलेले सारे संकट पटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

बेरीज काढण्यासाठी चौसष्ट ओळींची उजळणी करण्याची गरज नाही. १ + २ + ४ = ७, आणि पुढचे घर ८; १ + २ + ४ + ८ = १५, आणि पुढचे घर १६. प्रत्येक घरातील दाणे आधीच्या सर्व घरांच्या बेरजेहून एकाने अधिक असतात. म्हणून पासष्टावे घर असते, तर त्यात जे दाणे आले असते त्यांतून एक वजा केला की चौसष्ट घरांची बेरीज मिळते. ते पासष्टावे घर म्हणजे २ चा ६४ वा घात. तो काढण्यासाठीही चौसष्ट गुणाकार करावे लागत नाहीत. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या रचनांची संख्या मोजण्यासाठी एक युक्ती दिलेली आहे: घातांक सम असेल तर तो निम्मा करावा आणि वर्ग घेण्याची खूण करावी, विषम असेल तर एक वजा करावा आणि दुपटीची खूण करावी, मग या खुणांप्रमाणे उलट दिशेने हिशेब करत यावे. ६४ हा सहा वेळा निम्मा होऊन १ वर येतो. म्हणून २ चा केवळ सहा वेळा वर्ग करायचा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटी १८४४६७४४०७३७०९५५१६१६. कागद-पेन्सिलीने हे काम अर्ध्या तासाचे आहे.

भास्कराचार्यांनीही इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त हीच युक्ती भूमितीय श्रेढीसाठी वापरली आहे. त्यांच्या उदाहरणातला दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देत जातो. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न आहे. तीस दिवसांचे उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या मठात हे उदाहरण सोडविले गेले असणारच. २१४७४८३६४६ हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता घटकांकडे वळू. संख्येच्या एकक स्थानी ५ आहे, म्हणून तिला ५ ने भाग जातो. तिच्या अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो, पण ९ ने जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथेच थांबतात. यापुढे तिच्या रचनेचा आधार घ्यावा लागतो. ९९९९ ही संख्या पाहा: ती ९९ × १०१ आहे आणि ९९ म्हणजे ९ × ११. एखाद्या वर्गातून एक वजा केला की त्याचे नेहमीच असे दोन तुकडे होतात, एक मूळ पायापेक्षा एकाने लहान आणि दुसरा एकाने मोठा. चौसष्ट घरांची बेरीज ही तर वर्गाच्या वर्गाच्या वर्गातून एक वजा करून मिळालेली. म्हणून ती टप्प्याटप्प्याने सुटत जाते. प्रथम ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. मग पहिल्या तुकड्याचे ६५५३५ × ६५५३७. मग ६५५३५ चे २५५ × २५७. २५५ चे १५ × १७. आणि १५ चे ३ × ५. अखेरीस मिळतो हा गुणाकार:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

या सहा संख्यांपैकी पहिल्या पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे १ व स्वतः यांखेरीज त्यांना दुसरा विभाजक नाही. प्रत्येक संख्या २ च्या वारंवार घेतलेल्या वर्गात एक मिळवून बनलेली आहे. फ्रान्समधील तुलूझचे न्यायाधिकारी आणि सतराव्या शतकातील थोर गणिती प्येर द फर्मा यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. ही शिडी कितीही वर नेली तरी तिच्यावर मूळ संख्याच येत राहतील, असा तर्क फर्माने १६४० च्या सुमारास आपल्या पत्रांतून मांडला होता. सिद्धता आपल्याजवळ नाही, हे त्याने मान्य केले होते. विश्वास मात्र पक्का होता.

४२९४९६७२९७ ही त्या शिडीची सहावी पायरी. जवळजवळ शंभर वर्षांनी, १७३२ मध्ये, लेओनार्ड ऑयलर याने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखविले: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. फर्माचा तर्क इथे कोसळला. ऑयलरने ६४१ हा विभाजक अंधारात चाचपडून शोधला नव्हता. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून बनणारा असला पाहिजे, हे त्याने ओळखले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नाला उत्तर हाती येते. आश्चर्य असे की, ही अट फर्माने स्वतः शोधलेल्या एका प्रमेयावरूनच निघते. पाच भागाकार करण्याचे श्रम त्याने घेतले असते तर चूक त्याच्याच हातून उघड झाली असती.

भागाकार न करताही ६४१ ची खात्री करता येते आणि ती पद्धत इतकी सुरेख आहे की इथे द्यावीशी वाटते. ६४१ हे दोन प्रकारे लिहिता येते: ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६. पहिल्या मांडणीवरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागले तर ‘उणे १’ बाकी उरते. चौथा घात घेतला की उणे जाऊन बाकी १ राहते. म्हणजे ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्या मांडणीवरून ६२५ ची बाकी ‘उणे १६’. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ ठेवले, की उणे (२ चा ३२ वा घात) याचीही बाकी १ येते. दुसऱ्या शब्दांत, २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला तर बाकी शून्य. ती बेरीज म्हणजेच ४२९४९६७२९७.

अशा रीतीने सिस्साच्या दाण्यांचे पूर्ण अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७ असे होतात. सातही मूळ संख्या वेगवेगळ्या आहेत. विभाजक बनवताना प्रत्येक मूळ संख्या एक तर घ्यायची किंवा सोडायची, म्हणून या संख्येला एकूण १२८ विभाजक आहेत. पटाच्या घरांच्या नेमके दुप्पट.

संख्या लहान-मोठी असण्याचा आणि ती फोडता येण्याचा संबंध किती सैल आहे, हे शेजारी पाहिल्यावर कळते. दोनच पावले पुढे १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही संख्या आहे. ती फर्माच्या शिडीवरील सातवी पायरी. इथे एक वजा नाही, तर मिळवलेला आहे. त्यामुळे वर्गाची सोपी युक्ती चालत नाही. टॉमस क्लाउसेन याने १८५५ मध्ये तिचे अवयव काढून गाउसला कळविले होते, पण ते पत्र त्या काळी प्रसिद्ध झाले नाही. १८८० मध्ये फॉर्च्युने लॅंड्री या फ्रेंच गणितज्ञाने वयाच्या ८२ व्या वर्षी ते स्वतंत्रपणे शोधले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. त्यानंतरच्या पायरीला संगणकाची वाट पाहावी लागली. ती १९७० मध्ये फुटली. आज पहिल्या पाच पायऱ्यांखेरीज एकही मूळ फर्मा संख्या ज्ञात नाही. शिडीवरच्या काही संख्या मूळ नाहीत हे सिद्ध झालेले आहे, पण त्यांचा एकही विभाजक अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. दोन संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि गुणाकारावरून त्या दोन संख्या परत मिळवणे कमालीचे कठीण, या विषमतेवरच १९७७ पासून प्रचलित झालेली आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत उभी आहे. तिच्यात आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी असतात. पटावरची वीस अंकी संख्या त्यांच्यापुढे अगदीच लहान ठरते.

पटाच्या पहिल्या अर्ध्या भागाची बेरीज, ४२९४९६७२९५, हीदेखील स्वतंत्र मान असलेली संख्या आहे. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झालेली नसताना, कार्ल फ्रीडरिख गाउस याला सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ मोजपट्टी व कंपास यांनी काढता येते, असा शोध लागला. ग्रीकांनंतर दोन हजार वर्षांत या प्रश्नात कोणी पाऊल टाकले नव्हते. पुढे स्पष्ट झाले की, बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. ही अट पुरेशी असल्याचे गाउसने दाखविले आणि आवश्यक असल्याचे १८३७ मध्ये प्येर वांत्झेल याने. ज्ञात मूळ फर्मा संख्या पाचच, म्हणून अशा विषम बहुभुजाकृती ३१. त्यांतील सर्वांत मोठी ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ बाजूंची, म्हणजे ४२९४९६७२९५ बाजूंची. सिस्साच्या अर्ध्या पटावरील दाण्यांइतकी. ती कोणी काढलेली नाही आणि काढली तरी डोळ्याला ती वर्तुळच दिसेल. ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात मात्र योहान हर्मेस या जर्मन गणितज्ञाने दहा वर्षे घालवली. त्याचे हस्तलिखित ग्योटिंगेन विद्यापीठात जपून ठेवलेले आहे.

काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या एका सुईवरून दुसरीवर हलवीत आहेत आणि ते काम संपताच जगाचा अंत होईल, ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. मोठी चकती लहान चकतीवर ठेवायची नाही आणि एका वेळी एकच हलवायची, या अटीवर लागणाऱ्या हालचाली नेमक्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सेकंदाला एक हालचाल धरली तर सुमारे ५८ हजार ४५४ कोटी वर्षे. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. ही कथा प्राचीन भारतीय म्हणून अजूनही सांगितली जाते, ती तशी नाही. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडे टोपणनावाने बाजारात आणले आणि काशीची कथा फ्रान्समध्येच त्याभोवती रचली गेली. एकाच संख्येच्या दोन कथा, आणि दोन्हींना भारताची पार्श्वभूमी.

आज ही संख्या बहुतेकांच्या खिशात असते. संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. आधुनिक संगणकाचा व मोबाइलचा प्रक्रियक एका वेळी अशी ६४ स्थाने हाताळतो. त्यांना बिट म्हणतात. पटावरील प्रत्येक घर म्हणजे एक बिट समजावा. चौसष्टही ठिकाणी १ आला की जी संख्या होते तीच सिस्साची बेरीज, आणि तीच अशा यंत्रातील ऋण चिन्हाविना साठवता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या. तिच्यात एक मिळवला तर पासष्टावे घर नसल्याने सारी घरे रिकामी होतात आणि मोजणी शून्यावर येते.

जुन्या यंत्रणांत पट ३२ घरांचाच होता आणि त्यांतले एक घर ऋण चिन्हासाठी राखलेले होते. उरलेल्या ३१ घरांची बेरीज २१४७४८३६४७. ‘लीलावती’तील दात्याच्या कवड्यांहून बरोबर एकाने अधिक, त्या दानशूराने आणखी एकच कवडी दिली असती तर ३२ बिटांचा हिशेब काठोकाठ भरला असता. ही मर्यादा केवळ पुस्तकी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची संख्या यूट्यूबवर या आकड्यापलीकडे गेली आणि गणक ६४ बिटांचा असावा लागला. युरोपचे ‘आरियान ५’ हे प्रक्षेपक यान ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर मिनिटाच्या आतच नष्ट झाले, त्याचे मूळही अशाच चुकीत होते: ६४ बिटांत मांडलेले एक मोठे मूल्य १६ बिटांच्या जागेत बसविण्याचा प्रयत्न, जिथे ३२७६७ च्या पुढे काही मावत नाही.

पुढची तारीख ठरलेली आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ सांगतात. ३२ बिटांच्या यंत्रणेत ही मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी २१४७४८३६४७ वर पोहोचेल. चौसष्ट घरांच्या पटावर बदललेल्या यंत्रणांना त्यानंतर सुमारे २९ हजार कोटी वर्षे काळजी नाही. ज्या यंत्रणा तशाच राहिल्या असतील, त्यांच्या घड्याळात पुढच्याच सेकंदाला १४ डिसेंबर १९०१ ची पहाट दिसेल.